नर्सिंगची पदवी आणि अकरावीचा अर्ज



या व्यासपीठावरून दरसाल वाङ्मय, इतिहास, अर्थकारण अशा विषयांवर विद्वान मंडळी बोलतात आणि आपण ती आस्थेने ऐकता. मी विद्वान नव्हे. नववीत शाळा सुटली ती सुटलीच. पुढचे जे काही शिक्षण झाले, ते बाजार समितीच्या आवारात, कामगार कायद्याची पुस्तके एका मांडीवर आणि शब्दकोश दुसऱ्या मांडीवर घेऊन झाले. हमाल, मापाडी, जिनिंगमधले मजूर, अंगणवाडीच्या बाया यांच्या संघटनेचे काम करता करता पन्नाशी उलटली. संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी म्हटले, नर्सिंगच्या पदवीच्या प्रवेशावर बोलतो. त्यांनी जरा आश्चर्यानेच माझ्याकडे पाहिले. हमालांच्या पुढाऱ्याला नर्सिंगचे काय, असे आपल्याही मनात आले असेल. त्याचे कारण आधी सांगतो. ते माझ्या फजितीचे आहे.

आमच्या संघटनेतला एक हमाल काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आला. मुलगी दहावीला चांगल्या गुणांनी पास झाली होती. म्हणाला, "भाऊ, पोरीले नर्स व्हायचं हाये म्हनते. अकरावीले काय घ्या लागते? तुमी सांगान तसं करतो." मी क्षणाचाही विचार न करता सांगितले, "अरे, नर्सचं काम म्हणजे सेवेचं काम. त्याला फिजिक्स-केमिस्ट्री कशाला? आर्टला टाक. खर्च कमी, पास होणंही सोपं." त्याने माझे ऐकले. तो माझे नेहमीच ऐकत असे; मी त्याला वाढीव मजुरी मिळवून दिली होती ना! दोन वर्षांनी पोरगी बारावी झाली, चांगले गुण मिळाले, आणि आम्ही तिघे एका नर्सिंग महाविद्यालयाच्या खिडकीपाशी उभे राहिलो. कारकुनाने गुणपत्रिका हातात घेतली, वरून खाली एकदा पाहिली आणि परत दिली. "यात बायोलॉजी नाही," एवढेच तो म्हणाला. सगळे मिळून अर्धे मिनिट लागले असेल. कारकुनाचा काहीच दोष नव्हता. दोष माझा होता, आणि भोगायचे होते त्या मुलीला.

त्या दिवसापासून मी या विषयाचे नियम मिळवून वाचू लागलो. जे कळले त्यातले मुख्य असे की, या पदवीचे दार बारावीनंतर उघडते असे आपण समजतो. वास्तविक ते दहावीनंतर, पंधरा-सोळा वर्षांचे पोर अकरावीच्या अर्जात विषय भरते, त्याच दिवशी बहुतेकांना बंद झालेले असते. आणि बंद झाले हे कोणी सांगत नाही.

आपण ज्यांना सरसकट 'सिस्टर' किंवा 'नर्सबाई' म्हणतो, त्यांत तीन पायऱ्या आहेत. पहिली ए. एन. एम.; दोन वर्षांचा अभ्यासक्रम, फक्त मुलींसाठी. उपकेंद्रावर लसीकरण करणाऱ्या, गरोदर बायांची नोंद ठेवणाऱ्या, त्या या. दुसरी जी. एन. एम.; तीन वर्षांची पदविका. तिसरी बी. एस्सी. नर्सिंग, चार वर्षांची विद्यापीठाची पदवी, आठ सत्रांत विभागलेली, आणि आपल्या राज्यात ती बहुतेक ठिकाणी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. पदविका आणि पदवी मुलांनाही खुली आहे, हे येथील पुष्कळ पालकांना ठाऊकच नसते. या तिन्ही पायऱ्यांवरच्यांची नोंद महाराष्ट्र परिचर्या परिषदेत होते, आणि नोंद झाली तरच ती व्यक्ती कायद्याने परिचारिका.

याखेरीज गावोगावी सहा महिन्यांचे, वर्षाचे 'नर्सिंग'चे वर्ग चालतात. पांढरा कोट मिळतो, भिंतीवर लावायला प्रमाणपत्र मिळते. परंतु परिषदेत नोंद होत नाही. असा वर्ग केलेली मुलगी मदतनीस म्हणून राहू शकेल, तेही काम कष्टाचे व मानाचे आहे. पण तिला परिचारिकेची जागा नाही आणि पुढच्या पायरीवर चढायला त्या प्रमाणपत्राचा काडीइतका उपयोग नाही. फी भरण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : शिक्षण झाल्यावर परिषदेत नोंद होईल काय? समोरचा माणूस उत्तर द्यायच्या ऐवजी चहा मागवू लागला, तर समजावे.

आता पदवीच्या अटी. बारावी विज्ञान शाखेतून. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हे तिन्ही विषय. आणि इंग्रजीत उत्तीर्ण. तिन्ही विषयांचे मिळून खुल्या वर्गासाठी किमान पंचेचाळीस टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी चाळीस. 'मिळून' हा शब्द महत्त्वाचा आहे. तीन विषयांचे गुण तीनशे. त्यांपैकी १३५ हवेत, किंवा सवलत असल्यास १२०. म्हणजे एखादी मुलगी भौतिकशास्त्रात जेमतेम पास झाली तरी जीवशास्त्राच्या जोरावर तरून जाते. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वयाची सतरा वर्षे पूर्ण असावी लागतात. प्रकृती धडधाकट असल्याचा दाखला लागतो.

येथे दोन खड्डे आहेत. पहिला माझ्यासारख्याचा, कला शाखेचा. दुसरा त्याहून फसवा : मुलगी विज्ञानालाच जाते, पण 'बायोलॉजी पाठ करावी लागते' म्हणून किंवा गुण चांगले पडतात म्हणून जीवशास्त्र सोडून दुसराच विषय घेते. घरी सगळे म्हणतात, पोरगी सायन्सला आहे, काही काळजी नाही. दोन वर्षांनी तीच खिडकी आणि तेच अर्धे मिनिट.

अटी पुरी केल्या म्हणजे प्रवेश मिळाला असे नव्हे. काही वर्षे या पदवीसाठी आपल्या राज्यात 'नीट'चे गुण धरीत. २०२३ पासून राज्याच्या सीईटी कक्षाची स्वतंत्र परीक्षा आहे. शंभर प्रश्न, शंभर गुण, दीड तास. भौतिक, रसायन, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंगची अभिरुची यांना प्रत्येकी वीस गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. अजूनही कित्येक बाप अकोल्याला नाहीतर लातूरला 'नीट'च्या शिकवणीसाठी कर्ज काढतात, आणि मुलीला व्हायचे असते नर्स! अपवाद आहे तो सैनिकी परिचर्येचा. पुण्याचे सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालय आणि तशा इतर संस्थांत पदवीचे शिक्षण सरकारी खर्चाने होते, पुढे सैन्यात अधिकारी म्हणून नेमणूक होते. तेथे 'नीट' लागते, मुलगी अविवाहित असावी लागते आणि बारावी पहिल्याच प्रयत्नात झालेली असावी लागते. दिल्लीच्या एम्सची परीक्षा निराळी. तेथे खुल्या वर्गाला पंचावन्न टक्के लागतात.

सीईटीचा अर्ज बारावीच्या निकालानंतर भरायचा नसतो. तो साधारणपणे बारावीची परीक्षा होण्यापूर्वीच, हिवाळ्यात, सोयाबीन विकून झाल्यावर आणि तूर घरात येण्याच्या सुमारास भरावा लागतो. निकाल लागला की बघू, असे म्हणणाऱ्याचे वर्ष गेले म्हणून समजा. तीच गोष्ट कागदपत्रांची. राखीव जागेसाठी जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागते. आणि त्या समितीकडून कागद हातात पडायला किती खेटे घालावे लागतात, हे ज्यांनी घातले त्यांना विचारा. अधिवास, उत्पन्न, नॉन-क्रिमीलेअर हे वेगळेच. जून महिन्यात सेतू केंद्रासमोर जी रांग लागते, ती पाहून मला राशनच्या रांगेची आठवण येते. अकरावीतच ही कामे हाती घेतली तर मजुरीचे दिवस बुडत नाहीत.

माझ्या मूळच्या चुकीकडे परत येतो. सेवेच्या कामाला भौतिकशास्त्र कशाला, असे मी म्हणालो होतो. पुढे तीच मुलगी जी. एन. एम. शिकत असताना तिने मला एक हिशेब घातला. डॉक्टर सांगतात, पाचशे मिलीलिटर सलाईन चार तासांत जाऊ द्या. नळीतून वीस थेंबांत एक मिलीलिटर पडते. तर मिनिटाला किती थेंब? मी आयुष्यभर मजुरीचे दर काढलेला माणूस, तरी कागद मागावा लागला. पाचशे गुणिले वीस म्हणजे दहा हजार थेंब. चार तासांची मिनिटे २४०. भागले की बेचाळीसच्या आसपास. ती तोंडी करते, आणि रात्री तीन वाजता करते, आणि शेजारच्या खाटेवरचे मूल रडत असताना करते. हिशेब चुकला आणि म्हाताऱ्याच्या शरीरात पाणी झपाट्याने गेले तर छाती भरून येते. लहान मुलाचे औषध वजनावर काढतात. दशांश चिन्ह एक घर सरकले की औषध दहापट. प्राणवायूच्या सिलिंडरवरचा दाब वाचणे हे भौतिकशास्त्र, दोन औषधे एकत्र केली की साका धरतो हे रसायनशास्त्र. नुसती माया असून भागत नाही. मी जे बोललो ते नर्सच्या कामाबद्दलचे जगाचे जुने अज्ञान होते, आणि ते माझ्या तोंडून निघाले याची मला अधिक लाज वाटते.

हे अज्ञान किती जुने आहे पाहा. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नाइटिंगेलबाईंच्या नावाची शाळा १८६० साली निघाली, तोवर रुग्णाजवळ बसणे हे शिकण्याचे काम आहे हेच तिकडे फारसे कोणी मानीत नव्हते. आपल्याकडे तर त्यावर सोवळ्याओवळ्याचीही भर होती. सावित्रीबाई फुले १८९७ च्या प्लेगात रुग्णांची शुश्रूषा करता करता स्वतःच त्या साथीला बळी पडल्या. १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे यांनी सेवासदनाचे काम सुरू केले आणि पुढे ससून रुग्णालयात हिंदू स्त्रियांना परिचारिकेचे शिक्षण देण्याची व्यवस्था झाली. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, कोणत्या जातीचा ते विचारायचे नाही, रात्रपाळी करायची! त्या काळच्या घरांत यावरून काय बोलणी झाली असतील याची कल्पना आपण करू शकता. कारण ती बोलणी आमच्या वस्तीत अजून पुरती थांबलेली नाहीत.

१९४६ साली भोर समितीने आपला अहवाल दिला. सगळ्या हिंदुस्थानात तेव्हा परिचारिका होत्या सुमारे सात हजार. त्रेचाळीस हजार माणसांमागे एक. त्याच साली दिल्ली आणि वेल्लोर येथे नर्सिंगच्या पदवीचे शिक्षण सुरू झाले. १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय १९६४ मध्ये निघाले. म्हणजे ही पदवी माझ्या वडिलांच्या पिढीची आहे. फार जुनी नव्हे. २०२३ साली संसदेने परिचर्या आणि प्रसूतिविद्येचा नवा कायदा केला आहे. त्यात पुढे नियम बदलतील, तेव्हा मी आज सांगितलेले आकडे दरसाली माहितीपुस्तिकेशी ताडून पाहावेत.

ज्या मुलीचे विषय चुकले तिचे काय? येथे मला सांगण्यासारखे पुष्कळ आहे, कारण हा रस्ता आम्ही पायी तुडवला आहे. जी. एन. एम.ला विज्ञान शाखेची अट नाही. कोणत्याही शाखेतून बारावी, इंग्रजी विषयासह, किमान चाळीस टक्के. ए. एन. एम. होऊन नोंदणी झालेल्या बाईलाही तेथे प्रवेश आहे. जी. एन. एम. होऊन परिषदेत नोंद झाली की दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी. एस्सी. करता येते, ती पदवीच आहे. त्यापुढे एक वर्षाचा अनुभव घेऊन एम. एस्सी. आहे. म्हणजे उपकेंद्रावरची ए. एन. एम. नेट धरील तर महाविद्यालयात शिकवणारी होऊ शकते. कागदावर सरळ रस्ता चार वर्षांचा आणि वळणाचा पाच वर्षांचा. एका वर्षाचाच फरक. पण कागदाला पोट नसते. मधे नोकरी करून घरचे कर्ज फेडावे लागते, धाकट्या भावाची फी भरावी लागते, लग्नाचा तगादा सुरू होतो. त्या हमालाच्या मुलीची मधली चार वर्षे अशी गेली. ती माझ्या त्या एका वाक्याची किंमत.

म्हणूनच जी. एन. एम. बंद करून केवळ पदवीच ठेवावी असा विचार काही वर्षांपूर्वी जेव्हा परिचर्या परिषदेने मांडला, तेव्हा मला तो रुचला नाही. त्यामागचा हेतू वाईट नव्हता. पदवीधर परिचारिकांमुळे शुश्रूषेचा दर्जा वाढतो, परदेशात मान मिळतो, हे खरे आहे, आणि परिचारिकांच्या काही संघटनांनाही ते पटत होते. परंतु ज्या तालुक्यातल्या कित्येक गावांना विज्ञान शाखेसाठी एस. टी.ने जावे लागते, तेथे खालची पायरी काढून घेतली तर वरची कोणासाठी उरणार? आधी गावोगावी जीवशास्त्राची प्रयोगशाळा द्या, मग पायरी काढा. तूर्त तो विचार अमलात आलेला नाही, हे बरे झाले.

महाविद्यालय निवडताना इमारत पाहू नये, खाटा पाहाव्यात. परिचर्या परिषदेच्या नियमाप्रमाणे संस्थेला शंभर खाटांचे स्वतःचे रुग्णालय लागते आणि शिकाऊ मुलींच्या संख्येच्या प्रमाणात रुग्ण लागतात. आपण बापाने एकदा दुपारी त्या रुग्णालयात जाऊन बसावे. खाटांवर माणसे आहेत की नुसत्या चादरी, हे समजायला शिक्षण लागत नाही. दुसऱ्या राज्यात 'विनापरीक्षा प्रवेश' देणारे दलाल बारावीच्या निकालानंतर आपल्याकडे फिरतात. त्यांना प्रत्येक मुलीमागे काय मिळते हे ते सांगत नाहीत. संस्था परिषदेच्या आणि विद्यापीठाच्या यादीत आहे की नाही हे पाहिल्याशिवाय एक पैसाही देऊ नये. आणि मूळ प्रमाणपत्रे कोणाकडेही ठेवून घेऊ देऊ नयेत. ना शिकताना, ना पुढे नोकरीत. तपासणीसाठी दाखवावीत, परत घ्यावीत, पोच मागावी. मूळ कागद अडकला की माणूस अडकतो. वेठबिगारीचा हा सुशिक्षित प्रकार मी जवळून पाहिला आहे.

फीविषयी एक गोष्ट. जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क शासन भरते. मात्र प्रवेश केंद्रीभूत फेरीतून झालेला असावा लागतो. संस्थेच्या कोट्यातून घाईने जागा घेतली की ही सवलत गेली. फेरीत नाव लागेपर्यंत दम धरणे हे गरिबाला कठीण असते, आणि तेथेच त्याला गाठतात.

नोकरीतल्या पगाराबद्दल न बोलेन तर माझी मंडळी मला घरी जाऊ देणार नाहीत! 'सेवा' या शब्दाची मला आता थोडी भीती वाटते. हा शब्द उच्चारला की पुढे पगार विचारणे असभ्य ठरते. २०१६ च्या जानेवारीत परिचारिकांच्या संघटनेच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला समिती नेमायला सांगितले. समितीने म्हटले : दोनशेहून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयात सरकारी परिचारिकेइतका पगार द्या, त्याखाली थोडा कमी चालेल, पण पन्नासहून कमी खाटांच्या रुग्णालयातही वीस हजारांच्या खाली जाऊ नका. केरळात तेथील परिचारिकांनी संघटित होऊन झगडा केला, आणि २०१८ साली तेथील सरकारला किमान वेतन ठरवावे लागले. आपल्या राज्यात २०२२ च्या मे महिन्यात सरकारी परिचारिका कंत्राटी भरतीविरुद्ध संपावर गेल्या. मुलीला पदवीला घालताना हे सांगून घालावे. नोकरीचे पत्र हातात आल्यावर पगाराचा आकडा, पाळीचे तास, आणि 'बाँड' आहे काय, या तीन गोष्टी वाचल्याशिवाय सही करू नये.

आपला जिल्हा १९९८ साली अकोल्यातून वेगळा झाला. २०१८ मध्ये केंद्र सरकारने मागे राहिलेल्या 'आकांक्षित' जिल्ह्यांत त्याचे नाव घातले. २०२४ साली येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आनंद आहे. परंतु डॉक्टर दिवसातून दोनदा खाटेपाशी येतो, परिचारिका चोवीस तास तेथे असते. केंद्र सरकारने २०२३ च्या एप्रिलमध्ये नव्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या जोडीने देशभर १५७ नर्सिंग महाविद्यालये काढण्याचे ठरवले, त्यासाठी १,५७० कोटी रुपये ठेवले. ज्या ज्या जिल्ह्यात वैद्यकीय महाविद्यालय आहे तेथे पदवीच्या सरकारी जागा असाव्यात, ही मागणी आपण नागरिकांनी एकमुखाने धरायला हरकत नाही. मानोऱ्याच्या किंवा रिसोडच्या मुलीला पदवीसाठी नागपूर-मुंबई गाठावी लागणे आणि तेथल्या खोलीचे भाडे भरावे लागणे, हीदेखील प्रवेशाची एक अटच आहे; ती फक्त माहितीपुस्तिकेत छापत नाहीत.

ती हमालाची मुलगी सध्या पोस्ट बेसिकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मागच्या दिवाळीला भेटायला आली होती. मी तिच्याजवळ माझ्या चुकीचा विषय काढला. ती म्हणाली, "काका, तुमी सांगतलं म्हून मी आर्ट घेतलं हे खरं हाये. पन आता दुसऱ्या पोरींले तरी बराबर सांगा." तिच्या धाकट्या बहिणीने अकरावीला जीवशास्त्र घेतले आहे.

अकरावीचे प्रवेश २०२५ पासून साऱ्या राज्यात ऑनलाइन झाले आहेत. दहावीचा निकाल लागला की अर्ज भरण्याची घाई उडेल, आणि मोबाइलवर बोट दाबणारा बहुधा शेजारचा एखादा पोरगाच असेल. आमच्या संघटनेची खोली बाजार समितीच्या मागच्या अंगाला आहे. मी संध्याकाळी सहानंतर तेथे असतो. ज्यांना घरी मुलगी किंवा मुलगा या मार्गाला लावायचा आहे, त्यांनी विषय भरण्यापूर्वी यावे. चालू सालाची माहितीपुस्तिका टेबलावर ठेवलेली असेल. ती वाचूनच काय ते सांगेन, मनाने सांगणार नाही.